पहिला खाऱ्या पाण्याचा टँक लावताय? आधी पाणी, मग दगड, मासे महिनाभर थांबून

माझा भाचा नाशिकला असतो. गेल्या दिवाळीत घरी आला होता तेव्हा माझ्या टँकसमोर तासभर मांडी घालून बसला आणि निघताना म्हणाला मामा मला पण असाच लावायचाय, काय काय आणू ते सांग. तेव्हापासून त्याला फोनवर तुकड्या-तुकड्यात सांगतोय, म्हटलं एकदाच सगळं नीट लिहून काढावं, त्यालाही होईल आणि अजून कोणाला कोरलवाला (कोरल म्हणजे प्रवाळ) मरीन टँक पहिल्यांदा लावायचा असेल त्यांनाही. मी डोंबिवलीत राहतो, तीन फुटी टँक आहे, सात वर्षं झाली त्याला, आणि त्यातल्या पहिल्या वर्षात ज्या चुका झाल्या त्या तुमच्या होऊ नयेत एवढंच मनापासून वाटतंय.

सामान बघायच्या आधी एक गोष्ट, कारण ही कोणी सांगत नाही. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ आहे त्याच्या शेड्यूल १ मधे सगळे दगडी कोरल येतात, सगळे म्हणजे सगळे, शिवाय काळं कोरल, फायर कोरल, सी फॅन आणि समुद्री घोडेसुद्धा. वाघ ज्या यादीत आहे त्याच यादीत. त्यामुळे परदेशातले व्हिडिओ बघून ते रंगीत फांद्यांचे टँक डोक्यात घेऊन दुकानात जाऊ नका, आणि मालवणला स्नॉर्केलिंगला गेलात तर कोरलचा मेलेला तुकडासुद्धा पिशवीत टाकू नका, तिथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. 'लाइव्ह रॉक' म्हणून कोणी समुद्रातून काढलेला दगड देत असेल तर तोही नको. नवख्या माणसाने मऊ कोरल पाळावेत, झोअँथिड, मशरूम, लेदर, झेनिया, तेही पक्क्या बिलावर घ्या आणि माल कुठून आला ते विचारा, सांगता येत नसेल त्या दुकानातून घेऊ नका. याच्यात आपलाही फायदा आहे बरं का, मऊ कोरलला सांगाडा बांधायचा नसतो म्हणून कॅल्शियमचे डोस मोजत बसावं लागत नाही, दर आठवड्याला पाणी बदललं की भागतं.

आता टँक केवढा. सगळ्यांना वाटतं छोटा घेऊ, छोटा सोपा. उलटं आहे. पाणी जितकं कमी तितकं ते पटकन बिघडतं, २० लिटरच्या टँकमधे एक मासा रात्रीत मेला तर सकाळपर्यंत सगळं पाणी खराब, २०० लिटरमधे तुम्हाला सावरायला वेळ मिळतो. मी म्हणेन ३ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच घ्या, काच १० एमएम. त्यात साधारण १९० लिटर मावतं, म्हणजे पाणी, दगड, वाळू, काच, स्टँड धरून पावणेतीनशे किलोच्या आसपास वजन झालं. ते हॉलच्या मधोमध नको, भिंतीला लागून, जिथे खाली बीम आहे तिथे ठेवा, बिल्डिंग जुनी असेल तर आधी एखाद्या इंजिनिअरला दाखवा. खिडकीचं थेट ऊन येणारी जागा टाळा, शेवाळ आणि गरमी दोन्ही वाढतं.

टँकच्या खाली स्टँडमधे दुसरी छोटी टाकी बसते तिला सम्प म्हणतात. वरून पाणी पाईपने खाली येतं, तिथे स्किमर (फेस करून पाण्यातली घाण काढणारं यंत्र), हीटर वगैरे असतं, आणि रिटर्न पंप ते परत वर फेकतो. जमत असेल तर सम्प कराच, पण त्याची एक चाचणी आहे ती काही टाकायच्या आधी करा. माझ्याकडे पहिल्याच आठवड्यात रात्री लाईट गेली, पंप थांबला, आणि रिटर्नच्या पाईपाचं तोंड पाण्यात खोल होतं म्हणून त्याच पाईपातून टँकचं पाणी उलटं खाली यायला लागलं, सम्प भरला, वाहिला, सकाळी उठलो तर हॉलभर खारं पाणी आणि शोकेसचा प्लायवूड खालून फुगलेला. आईने दोन दिवस लादी गोड्या पाण्याने पुसली तरी चिकटपणा जाईना. म्हणून पाईपाचं तोंड पाण्याच्या पातळीच्या जेमतेम खाली ठेवा, पातळीच्या लगेच खाली त्या पाईपाला एक बारीक भोक पाडा म्हणजे पाणी उतरलं की तिथून हवा शिरते आणि उलटा प्रवाह तुटतो, आणि मग मेन स्विच बंद करून बघा सम्पमधे सगळं मावतंय का. पाच वेळा करून बघा. ते भोक दर महिन्याला साफ करायचं, त्यात शेवाळ बसतं.

विजेचं आत्ताच सांगून टाकतो. प्रत्येक वायर प्लगकडे जायच्या आधी खाली लोंबकळली पाहिजे म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी तिथे ठिबकेल, प्लगमधे जाणार नाही. एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर नको, भिंतीवर उंच लावा. अर्थिंग तपासून घ्या, लाईनवर आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, बसवून घ्या. खारं पाणी आणि करंट, इथे काटकसर करू नका.

पाणी. सगळ्यात जास्त लोक इथेच घाई करतात म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिला प्रश्न मला कायम येतो की मुंबईला समुद्र आहे मग चौपाटीचं पाणी भरून आणलं तर? नाही. किनाऱ्यालगतच्या पाण्यात सांडपाणी असतं, तेल असतं, आणि पावसाळ्यात नद्या-नाल्यांचं गोडं पाणी मिसळून त्याचा खारेपणा कुठल्या कुठे जातो. दुसरा प्रश्न, घरात प्यायचा आरओ आहे तो चालेल का? तोही नाही, कारण त्यात चवीसाठी मिनरल परत मिसळतात. तुम्हाला हवं आरओ-डीआय, म्हणजे आरओ मेम्ब्रेननंतर एक रेझिनचा डबा, त्यातून निघणाऱ्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा आकडा, शून्य आला पाहिजे. कोणी म्हणेल आमच्या नळाचा टीडीएस साठच आहे, कशाला एवढं. त्या साठमधे काय आहे ते मीटर सांगत नाही, क्लोरीन असेल, फॉस्फेट असेल, जुन्या पाईपातलं तांबं असेल, आणि तांबं अगदी थोडं जरी असलं तरी कोळंबी आणि गोगलगायी मरतात. आरओमधून वाया जाणारं पाणी बादलीत धरा, लादी पुसायला, संडासात टाकायला कामी येतं, आमच्या घरी ही याच अटीवर तयार झाली होती.

मग मीठ. खायचं मीठ नाही, मरीन सॉल्ट मिक्स मिळतं, त्यात कॅल्शियम मॅग्नेशियम सगळं मोजून असतं. लिटरला साधारण ३८ ग्रॅम लागतं, म्हणजे टँक आणि सम्प मिळून २०० लिटर धरलं तर पहिल्या भरणीला साडेसात-आठ किलो. आधी पाणी घ्यायचं, त्यात पंप चालू करायचा आणि मग हळूहळू मीठ सोडायचं. उलटं केलंत, मिठावर पाणी ओतलंत, तर पाणी दुधासारखं पांढरं होतं आणि त्यातलं कॅल्शियम तळाला बसून फुकट जातं. रात्रभर फिरू द्या. खारेपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्या, तो तरंगणारा स्वस्तातला हायड्रोमीटर नको, त्याला एक बुडबुडा चिकटला तरी आकडा चुकतो. रिफ्रॅक्टोमीटर ३५ पीपीटीच्या (हजार भागात ३५ भाग मीठ) तयार द्रावणाने सेट करा, नुसत्या साध्या पाण्याने नाही. आपल्याला ३५ पीपीटी, म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२५ ते १.०२६ पाहिजे.

आणि हे नीट लक्षात ठेवा, वाफ होते ती फक्त पाण्याची, मीठ मागेच राहतं. त्यामुळे रोज जे पाणी कमी होतं त्याजागी साधं आरओ-डीआय पाणी घालायचं, खारं नाही. सम्पच्या काचेवर मार्करने रेघ मारून ठेवा, रोज रेघेपर्यंत भरायचं. पुढे जमलं की ऑटो टॉप-ऑफ लावा, सेन्सर असतो, आपोआप भरतं, सुट्टीवर जाणाऱ्यांना तर पाहिजेच.

आता तापमान, आणि इथे भाच्याचं नाशिक आणि माझी डोंबिवली वेगळी पडते. टँक २५ ते २७ डिग्रीमधे राहिला पाहिजे, आणि आपल्याकडे खरा त्रास थंडीचा नाही, उन्हाळ्याचा आहे. पाण्यावर छोटे पंखे लावले तर वाफ होऊन पाणी दोन-तीन डिग्री गार होतं, माठासारखंच तत्त्व आहे. नाशिकला एप्रिलमधे हवा कोरडी, तिथे पंखा झकास चालतो, फक्त रोज तीन-चार लिटर पाणी उडून जाईल तेवढं भरायची तयारी ठेवा. पण डोंबिवलीत मे-जून आणि ऑक्टोबरमधे हवेतच इतका दमटपणा असतो की वाफ होतच नाही, पंखा गरगर फिरतोय आणि थर्मामीटर ३१ वरून हलत नाही. त्यामुळे कल्याण-ठाणे-मुंबई-कोकणवाल्यांनो, चिलरचे, म्हणजे पाणी गार करणाऱ्या यंत्राचे, पैसे पहिल्या दिवसापासून बजेटमधे धरा. मी नव्हते धरले आणि पहिल्याच मे महिन्यात माझा लेदर कोरल चार दिवसात गळून गेला, हातात घेतला तर नुसता चिखल. नाशिक-पुण्याला डिसेंबर-जानेवारीत हीटर लागेल, तो मात्र थर्मोस्टॅटवालाच घ्या.

दगड कोरडा घ्या, ड्राय रॉक, किंवा माणसाने बनवलेला सिरॅमिकचा. या साईझला १२-१५ किलो पुरतो. आधी दगड काचेवर पक्के बसवा आणि मग आजूबाजूला वाळू टाका, वाळूवर दगड रचले तर खाली उकरणारा मासा एक दिवस सगळा डोलारा पाडतो. वाळू अ‍ॅरागोनाईटची (चुनखडीच्या जातीची), एक इंच थर, अठरा-वीस किलो होईल. नदीची किंवा बीचवरची नको. दगड रचताना भिंत करू नका, मधे गुहा, पोकळ्या ठेवा, पाणी मागूनही फिरलं पाहिजे, आणि काचेपासून चार बोटं अंतर ठेवा नाहीतर काच पुसायला हात जाणार नाही.

आता तुमच्याकडे दगड, वाळू, खारं पाणी, पंप सगळं चालू आहे आणि टँक रिकामा आहे. इथेच थांबायचं. महिना-दीड महिना.

मला कोणी थांबवलं नाही. ज्या दुकानातून टँक घेतला त्यांनी बॅक्टेरियाची बाटली दिली आणि म्हणाले आज टाका, उद्या मासे न्या. मी दुसऱ्या दिवशी तीन डॅमसेल जातीचे छोटे मासे आणले. तिसऱ्या दिवशी ते पाण्याच्या वरच्या थरात येऊन कल्ले इतक्या जोरात हलवत होते की दुरूनही दिसत होतं, आणि मला कळतच नव्हतं काय करू. पाच दिवसात तिन्ही गेले. त्यातला शेवटचा मी हाताने काढला तेव्हा त्याचे कल्ले आतून लालभडक झाले होते, भाजल्यासारखे. अमोनिया असं मारतो. अजूनही नवीन टँकमधे कोणी मासा टाकलेला फोटो दिसला की मला तेच आठवतं.

घडतं काय तर माशाची घाण आणि उरलेलं खाणं कुजून अमोनिया होतो, तो विषारी. एक प्रकारचे बॅक्टेरिया त्याचं नायट्राईट करतात, दुसऱ्या प्रकारचे त्याचं नायट्रेट, आणि नायट्रेट थोडंफार असलं तर चालतं, ते पाणी बदलून काढता येतं. हे बॅक्टेरिया दगडाच्या छिद्रांमधे राहतात आणि त्यांना वाढायला वेळ लागतो. त्यांना उपाशी ठेवून ते वाढत नाहीत म्हणून अमोनिया आपणच पुरवायचा, एकतर अमोनियम क्लोराईडचे थेंब टाकून २ पीपीएमपर्यंत (दहा लाख भागात दोन भाग) न्यायचा, किंवा बाजारातून दोन कच्च्या कोळंब्या आणून जुन्या मोज्यात बांधून टँकमधे लटकवायच्या. कोळंबीला वास येतो, घरात शाकाहारी मंडळी असतील तर थेंबच बरे. बॅक्टेरियाची बाटली टाका, मदत होते, पण बाटली टाकली म्हणून वेळ शून्य होत नाही.

एक वही करा. दर दोन दिवसांनी अमोनिया, नायट्राईट, नायट्रेट मोजून लिहा. आधी अमोनिया चढेल, मग तो उतरायला लागला की नायट्राईट चढेल, आणि ते बरेच दिवस वरच राहील, घाबरू नका. मग एक दिवस असा येतो की तुम्ही संध्याकाळी अमोनिया २ पीपीएम केला आणि दुसऱ्या संध्याकाळी अमोनियाही शून्य, नायट्राईटही शून्य. चोवीस तासात पचवलं. दुसऱ्यांदा करून बघा, परत तेच आलं तर टँक तयार आहे. मग २५-३० टक्के पाणी बदला. या सगळ्या काळात टँकवरची लाईट बंद ठेवा, उगाच शेवाळाला खाऊ.

लाईट लावायला लागलात की आठवडाभरात वाळूवर तपकिरी थर येईल, काचेवर येईल, सगळं घाण दिसायला लागेल. हे डायटम, प्रत्येक नव्या टँकला येतात आणि बहुतेकदा आपोआप जातात. यावेळी केमिकल टाकू नका. सात-आठ गोगलगायी आणा, दोन-तीन शंखातले खेकडे, ते साफ करत फिरतात. रात्री टँकची लाईट बंद झाल्यावर टॉर्च घेऊन काचेजवळ जा, पांढरे ठिपके टुणटुण उड्या मारताना दिसले तर ते कोपेपॉड, म्हणजे टँकमधे जीव धरला. मी पहिल्यांदा बघितले तेव्हा रात्री साडेअकराला हिला उठवून दाखवले होते.

मासे. पहिली जोडी क्लाऊनफिशची घ्या आणि टँकमधे जन्मलेलीच घ्या. आपल्याकडे सीएमएफआरआयने, म्हणजे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने, क्लाऊनफिशची पैदास करून दाखवलीये, त्यामुळे समुद्रातून पकडलेला मासा घ्यायची गरजच नाही, तसले मासे उपाशीपोटी आणि रोग घेऊन येतात. एक जरा मोठा एक लहान बघा. हे सगळे आधी नरच असतात, मोठा असतो त्याची मादी होते, त्यामुळे भांडणं लवकर मिटतात. त्यांना अ‍ॅनिमोन (समुद्रफूल) लागतंच असं नाही, आणि नव्या टँकमधे अ‍ॅनिमोन आणूच नका, वर्षभर तरी थांबा, ते फिरत फिरत पंपात जाऊन अडकतं आणि मेलं की सगळा टँक घेऊन मरतं. लहान मुलं डोरी मागतील, तो निळा टँग आहे, एका फुटाच्या आसपास वाढतो, तीन फुटात त्याला कोंडणं बरं नाही. डॅमसेल स्वस्त असतात पण पुढे सगळ्यांना मारतात. एकावेळी एक-दोन मासे, मग तीन-चार आठवडे थांबा म्हणजे बॅक्टेरिया तेवढ्याला पुरे पडतील.

नवीन मासा आधी वेगळ्या छोट्या टँकमधे महिनाभर ठेवता आला तर फार बरं. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग एकदा मेन टँकमधे शिरला की त्यावरचं तांब्याचं औषध तिथे टाकता येत नाही, कोरल आणि कोळंब्या मरतील, सगळे मासे काढून टँक ७६ दिवस बिनमाशाचा ठेवावा लागतो.

पिशवी आणली की वीस मिनिटं पाण्यात तरंगत ठेवा, मग मासा बादलीत घेऊन एअरपंपाच्या नळीला गाठ मारून टँकचं पाणी थेंब थेंब सोडा, अर्धा-पाऊण तास. मासा जाळीने उचलून टँकमधे सोडा, दुकानाचं पाणी टँकमधे ओतायचं नाही.

कोरल माशांच्या नंतर, टँक तीन-चार महिन्यांचा झाल्यावर. लाईट निळ्या स्पेक्ट्रमची एलईडी, कारण कोरलच्या आत सूक्ष्म शेवाळ राहतं, झूझँथेली, ते उन्हावर अन्न बनवून कोरलला देतं. सुरुवातीला २०-३० टक्क्यावर आठ तास, दर आठवड्याला थोडं थोडं वाढवा. एकदम फुल केलं तर कोरल पांढरे पडतात. प्रवाहासाठी एक-दोन वेव्हमेकर, म्हणजे पाणी फिरवणारे छोटे पंप, पण कोरलवर थेट मारा नको, ते हलकेच डुलले पाहिजेत. नवा कोरल डिपमधे (किडे काढायच्या औषधी पाण्यात) बुडवून, उलटासुलटा बघून मगच लावा, ऐपटेशिया नावाचा छोटा तपकिरी अ‍ॅनिमोन चिकटून येतो आणि मग जात नाही.

झोअँथिड हाताळताना हातमोजे आणि चष्मा घाला, हे गंमत म्हणून सांगत नाहीये. त्यांच्यातल्या काहींमधे पॅलिटॉक्सिन असतं, फार जहाल विष. झोअँथिड असलेला दगड कधीही उकळू नका, गरम पाण्याने धुऊ नका, कोरडा घासू नका, ती वाफ श्वासात गेली तर अख्खं घर हॉस्पिटलमधे जाईल. हाताला जखम असेल त्यादिवशी टँकमधे हात घालू नका.

एवढं झालं की रोजचं काम दहा मिनिटांचं उरतं. तापमान बघा, रेघेपर्यंत पाणी भरा, चिमूटभर खाणं, दोन मिनिटात संपेल एवढंच. स्किमर असेल तर त्याच्या कपात काळ्या चहासारखं पाणी जमतं ते दोन-तीन दिवसांनी फेका. रविवारी २० लिटर पाणी बदला, मीठ आदल्या रात्रीच कालवून ठेवा, नव्या पाण्याचं तापमान आणि खारेपणा टँकएवढाच हवा. आठवड्यातून एकदा अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्ल झेलायची ताकद, बघा, ती डीकेएचमधे मोजतात, ८-९ ठीक, नायट्रेट ५ ते १० पीपीएम असलं तर उत्तम, अगदी शून्यही नको, मऊ कोरलला थोडी घाण लागते.

लाईट जाते त्यासाठी बॅटरीवरचा एअरपंप घेऊन ठेवा, लाईट गेली की आपोआप सुरू होणारा मिळतो. दोन-तीन तासात माशांना ऑक्सिजन कमी पडायला लागतो, पावसाळ्यात तर हा पंप जीव वाचवतो. इन्व्हर्टर असेल तर त्यावर फक्त एक वेव्हमेकर टाका, लाईट आणि चिलर नको.

आणि गणपतीला गावाला जाताना शेजाऱ्यांना किल्ली देऊन 'माशांना खायला घाला' एवढंच सांगून जाऊ नका. प्रेमाने मूठभर घालतात. रोजच्या खाण्याच्या छोट्या पुड्या बांधून त्यावर वार लिहून ठेवा, बाकीचा डबा कपाटात कुलपात, आणि टॉप-ऑफचं पाणी भरलेला कॅन टँकच्या शेजारी, खारं कालवलेलं पाणी मात्र दुसऱ्या खोलीत ठेवा म्हणजे घाईत चुकीचं ओतलं जाणार नाही. दोन-तीन दिवस मासे उपाशी राहिले तरी त्यांना काही होत नाही, हे शेजाऱ्यांना दोनदा सांगा.